आनंदावहिनींनी दाताला टोपी बसवण्यापूर्वी

आष्टी,
बुधवार, ता. २३ फेब्रुवारी १९५५

तीर्थरूप सौ. आनंदाबाई वहिनी यांना इंदिरेचा साष्टांग नमस्कार.

आपले कार्ड सोमवारी दुपारच्या डाकेने पोचले आणि त्यातल्या तिसऱ्या ओळीमुळे हे पत्र लिहिणे भाग पडले. एरवी फेब्रुवारीत मी कोणाला पत्र लिहीत नाही. वार्षिक परीक्षेचे पेपर काढायचे असतात. आपण लिहिले आहे (म्हणजे आपण सांगितले आणि लीनाने लिहिले, पोरगी आईच्या तोंडून निघेल तसेच उतरवते, त्यामुळे शुद्धलेखनाचे वाटोळे होते, पण आपला आवाज ऐकू येतो) की, "दाढेले सोन्याची टोपी बसवा लागते म्हणते डाक्टर. आत्याबाईच्या बुगड्या पेटीत पडल्या हायत, कोणी घालत नाई. येत्या सोमवारी सोनाराकडून त्याच आटवून घ्याव्या म्हन्लं. तुमाले टोपीचा अनुभव हाय, तं काय काय पाहा लागते ते कळवजा."

आईच्या बुगड्यांविषयी मला काही म्हणायचे नाही. त्या तिने स्वतःच्या हाताने आपल्या ओटीत घातल्या, त्या आपल्या आहेत. १९३० साली वर्ध्याच्या जाहीर सभेत मी अंगावरचे सगळे सोने उतरवून दिले आणि पुन्हा सोने विकत घेणार नाही व अंगावर घालणार नाही अशी आजन्म प्रतिज्ञा केली, हे आपण जाणता. अशा बाईने दोन बुगड्यांसाठी शाई खर्च करणे शोभणार नाही. आपण विचारले आहे टोपीविषयी, तेव्हा उत्तरही टोपीविषयीच देते. आमच्या बंधुराजांचा, अण्णाजींचा, खोकला कसा आहे? बिडी सोडली असे ते मला लिहितात आणि सोडली नाही असे लीना लिहिते; शुद्धलेखन कसेही असो, मी लीनावर विश्वास ठेवते. थंडी सरली, आपले गुडघे वळणावर आले असतील. येथे एक दात सोडला तर सर्व कुशल आहे.

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की दात मोडायला मोठे कारण लागत नाही. डिसेंबरात भूगोलाच्या तासाला तिसरीच्या एका मुलीजवळ ओंजळभर बोरे सापडली. मी ती जप्त केली. जप्त केलेली वस्तू पालक स्वतः येऊन मागेपर्यंत कपाटात ठेवायची, असा शाळेचा नियम आहे. तो मीच केलेला आहे. परंतु बोर हे नाशवंत फळ. मी तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी, अन्न वाया जाऊ नये म्हणून, मधल्या सुट्टीत दार लोटून ती खाल्ली. सातव्या बोराच्या आठोळीवर वरचा डावीकडचा, सुळ्यामागचा दात मोडला आणि त्याचा अर्धा भाग आठोळीबरोबर हातात आला. (मुलीचे वडील पाचव्या दिवशी आले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत जप्त वस्तू मागायला पाचव्या दिवशी येणारा हा पहिला पालक. त्यांना मी काय सांगितले ते येथे अप्रस्तुत आहे. तोंडावर पदर धरून सांगितले, एवढे खरे.) अर्ध्या दाताकडे माणूस दुर्लक्ष करतो. मीही दहा दिवस केले. तसे करू नये. उरलेला अर्धा त्या दहा दिवसांत काळा पडू लागला, आणि जे काम दोन खेपांत झाले असते त्याला चार खेपा लागल्या. आष्टीहून आर्वीपर्यंत मोटार, आर्वीहून पुलगावपर्यंत रांगत जाणारी छोटी गाडी, पुलगावहून वर्ध्याला मोठी गाडी. एका दातापायी तीन वाहने, आणि परत येताना तीच तीन, उलट्या क्रमाने. आपल्याला सेलूहून वर्धा जवळ आहे, हा आपल्या दाढेचा मोठा गुण समजावा.

आपले आणि माझे डॉक्टर एकच, कृष्णकांत. मुंबईला शिकलेले आहेत, नखे स्वच्छ असतात, उगाच बोलत नाहीत. आपण अजून एकदाच गेला आहात, त्यामुळे एक गोष्ट आपल्या लक्षात आली नसेल: डॉक्टर कोण हे पाहण्याआधी यंत्र कोण चालवते ते पाहावे. दात कोरण्याचे त्यांचे यंत्र शिवणयंत्रासारखे पायाने चालते. विजेवरचे यंत्र मुंबईहून निघाले आहे, असे ते दोन वर्षे सांगतात. बहुधा तेही छोट्या गाडीने येत असावे. दात नाजूक असेल तेव्हा डॉक्टर दोन्ही हात आणि सगळे लक्ष तोंडात घालतात आणि पायडल त्यांची बायको मारते. मी खुर्चीत मान मागे टाकून बसले, तोंड उघडले, आणि पायडलवर कोण बसले ते तिरक्या नजरेने पाहिले. ती कमला होती.

कमला कोण ते सांगणे भाग आहे. १९३८ साली ती माझ्या शाळेत चौथीत होती. शाळेच्या आवारात कोणीही सोने घालू नये, हा आमचा नियम क्रमांक सात. ती एके दिवशी सोन्याच्या बाळ्या घालून आली, आणि कोणीतरी मला येऊन सांगितले. तपासायला गेले तर कान मोकळे. पण गाल फुगलेला दिसला. मी तिला उभे करून कविता म्हणायला लावली. तिसऱ्या ओळीवर एक बाळी टेबलावर पडली, पाचव्या ओळीवर दुसरी. मी तिला म्हणाले होते की तोंडात सोने ठेवून कोणी शहाणे होत नाही. वर्ग हसला. बाळ्या पाकिटात घालून, वर नाव लिहून कपाटात ठेवल्या. तिचे वडील मानी गृहस्थ. बाईच्या दारात हात पसरायला येणार नाही म्हणाले, आणि आले नाहीत. मीही नियम मोडला नाही. सतरा वर्षे झाली.

कमलाने मला ओळखले, वाकून नमस्कार केला, आणि म्हणाली, "बाई, दुखलं तं हात वर करा." यंत्र सुरू झाले. थोड्या वेळाने मी हात वर केला. वर्गात हात वर करून बसलेल्या मुलीकडे मी जशी पाहत नसे, तशी ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मी हात अधिक वर केला. शेवटी डॉक्टरांचा चष्मा माझ्या बोटाला लागला, तेव्हा यंत्र थांबले. यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. एक, दाताची शीर जिवंत आहे की मेलेली, हे कोरायच्या आधी विचारावे. (माझी जिवंत होती. हे मला डॉक्टरांच्या आधी कळले.) दुसरी, ज्याला कधी शिक्षा केली आहे त्याच्या पायाखाली यंत्र असेल, तर दात कितीही नाजूक असो, डॉक्टरांनाच पायडल मारायला सांगावे.

टोपी म्हटले की आपल्याला वाटते, दात आहे तसा राहणार आणि वरून टोपी बसणार. तसे नाही. दुकानात डोके पाहून टोपी देतात; येथे टोपी बसावी म्हणून डोके तासतात. दात चारी बाजूंनी घासून खुंटीएवढा करतात. त्यात चांगला भागही जातो, आणि जो गेला तो परत येत नाही. तेव्हा एकदा तासायला बसलात की मग विचार बदलण्याला अर्थ नाही. बदलायचा तर त्याआधी, म्हणजे सोमवारच्या आधी बदलावा. तासल्यावर मेणाचा लपका तोंडात दाबून साचा घेतात. तेव्हा नाकाने श्वास घ्यावा, गिळू नये आणि बोलू नये. मला बोलायचे होते, पण जमले नाही. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे साचा उत्तम आला.

मग डॉक्टर म्हणाले, पाव तोळा सोने आणा. आपल्याकडे ही रीत आहेच. दागिना असो की दात, सोने गिऱ्हाइकाने घरून न्यायचे. सोनार त्याचा पातळ पत्रा करून देतो आणि डॉक्टर तो पत्रा साच्यावर ठोकून टोपी करतात. माझ्याजवळ सोने कुठून असणार? विकत घ्यावे तर प्रतिज्ञेत विकत घेण्याचा स्पष्ट उल्लेख. ती प्रतिज्ञा मी इतक्या उत्साहाने केली होती की सभेहून घरी येऊन आईपुढेही झोळी धरली आणि तिच्या कानातल्या बुगड्या देशासाठी मागितल्या. आई तेव्हा भाकरी थापत होती. तिने तव्यावरची उलटली आणि म्हणाली, "तुही प्रतिज्ञा तुह्या कानाले. माह्या कानाले काऊन?" मी दीड महिना तिच्याशी बोलले नाही. (तिनेही मला बोलावले नाही, जेवायला मात्र दोन्ही वेळा वाढले.) हे केवळ संदर्भासाठी.

सोने म्हणून माझ्याजवळ एकच वस्तू होती, कॉलेजात संस्कृतात पहिली आल्याबद्दल मिळालेले सुवर्णपदक. ते सव्वीस वर्षे माझ्या खुर्चीमागे काचेत लावलेले आहे आणि मुलींना मी ते वर्षातून दोनदा दाखवते. पदक अंगावर घालायचे नाही, विकत घेतलेले नाही. प्रतिज्ञेला बाध येत नव्हता. ते मी येथील पुंडलिकराव सोनारांकडे नेले. त्यांनी कसोटीवर घासले, पुन्हा घासले, दिव्याजवळ नेऊन पाहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाई, मान तुमचा सोन्याचाच हाय. पदक पितळीचं हाय." मी ते घरी आणून पुन्हा काचेत लावले. मुली दुरून पाहतात, त्यांना फरक पडत नाही. परंतु यातून घ्यायचा धडा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे: जुनी वस्तू सोन्याची आहे असे पिढ्यान्‌पिढ्या सगळे म्हणत असले तरी ती आटवल्याशिवाय खात्री होत नाही, आणि आटवल्यावर खात्री होऊन उपयोग नसतो. बुगड्यांच्या आत पुष्कळदा लाख भरलेली असते. त्या हातात घेतल्या तर जड लागतात, पण जड तर माझे पदकही लागत होते.

दरम्यान टोपी तयार होईपर्यंत डॉक्टरांनी खुंटीवर पांढऱ्या, वाळून घट्ट होणाऱ्या लुकणाची तात्पुरती टोपी बसवली आणि बजावले की चिकट काही खाऊ नका. ही सूचना त्यांनी आठ जानेवारीला दिली. चौदाला संक्रांत. आमच्या शाळेत एकशे बारा मुली आहेत, आणि संक्रांतीला प्रत्येक मुलगी बाईंना तिळगूळ देऊन पाया पडते. तिच्यादेखत कण तोंडात टाकला नाही तर ती घरी जाऊन सांगते की बाई माझ्यावर रागावल्या. एकीचा घेतला आणि दुसरीचा ठेवला, असे करता येत नाही. मी उजवीकडून चावत होते. छत्तीस मुलींपर्यंत निभावले. सदतिसावीच्या आईने पाक फार कडक केला होता. तात्पुरती टोपी तिळगुळात रुतली, आणि तिळगूळ मी, गोड बोलायचे म्हणून, तिच्यासमोर गिळला. पुढच्या पंचाहत्तर मुलींशी मी त्या दिवशी एक शब्दही बोलले नाही, गोडही नाही. लुकण पोटाला अपायकारक नसते, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. नंतर सांगितले, हे ध्यानात ठेवावे आणि आधी विचारावे.

अशा रीतीने सोने नाही आणि लुकणही नाही, अशी मी पुन्हा त्या खुर्चीत बसले. डॉक्टर हात धुवायला आत गेले होते. कमला म्हणाली, "बाई, माह्या बाळ्या अजून तुमच्या कपाटातच असतीन नं?"

मी म्हणाले, आहेत. पालकांनी स्वतः येऊन न्याव्यात.

"पालक तं गेले बाई. चार वर्सं झाले."

तिने पायडलवरचा पाय काढला आणि म्हणाली, "त्याच लावा तुमच्या दाताले. नाईतरी तोंडातच होत्या."

वहिनी, एवढे हजरजबाबी उत्तर तिने चौथीत कधी दिले असते तर मी तिला वर्गाची मॉनिटर केले असते. मी विचार केला. तिला आता दोन मुले आहेत, म्हणजे पालक या शब्दात ती बसते. कोणाची पालक, ते नियमात लिहिलेले नाही. पुढच्या खेपेला पाकीट घेऊन गेले. तिने जप्तीच्या वहीत सही केली, उजव्या हाताने पाकीट घेतले आणि डाव्या हाताने मला परत दिले. मी तिला उजव्या हाताने द्यायला सांगितले. तिने तसे दिले. बाळ्यांचे वजन नेमके पाव तोळा भरले.

टोपी एकोणतीस जानेवारीला बसली. बसवल्यावर रंगीत कागद दातांत धरून चावायला लावतात, म्हणजे कुठे उंच लागते ते डाग पडून दिसते. येथे भीड धरू नये. ठीक आहे का म्हणून विचारले की माणूस उठायच्या घाईत ठीक आहे म्हणतो, आणि मग महिनाभर त्या एका दातावर सगळे तोंड टेकून बसते. मी पाच वेळा उंच आहे म्हणाले. सहाव्या वेळी डॉक्टर म्हणाले, "आता टोपी नाही, बाई, तुमची सवय उंच आहे." हे मला पटले. सोने गरम लवकर होते, तेव्हा पहिला चहा बशीत घ्यावा. टोपीखालचा दात किडत नाही हा गैरसमज आहे. हिरडीजवळच्या कडेला रोज घासावे, नाहीतर वर सोने आणि खाली किडलेली खुंटी असा प्रकार होतो. नीट सांभाळली तर दहा-पंधरा वर्षे टिकते म्हणतात. सुपारी फोडू नये. आपण फोडता. मला माहीत आहे.

आता टोपीचे सामाजिक परिणाम. सुळ्यामागचा दात बोलताना दिसत नाही, रागावताना दिसतो. सोमवारी मी पाचवीच्या वर्गात पाढ्यांवरून रागावले आणि वर्ग एकदम गप्प झाला. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यावर. मंगळवारी हुशार मुलीही पाढे चुकू लागल्या. बुधवारी तिसरीच्या मुली खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. गुरुवारी मी ओठ मिटून रागावण्याचा प्रयत्न केला; त्याने शिस्त राहत नाही, फक्त पोट दुखल्यासारखे दिसते. शेवटी एका पालकाने शाळा समितीकडे अर्ज दिला की नियम क्रमांक सात मुलींना लागू आहे आणि मुख्याध्यापिकांना नाही काय? समितीचे चिटणीस बंडोपंत. त्यांनी रीतसर सभा बोलावली. तोंडातले सोने घातलेले समजावे की खाल्लेले, यावर दीड तास चर्चा झाली. (प्रतिज्ञेचा प्रश्न मीच मांडला. बंडोपंत म्हणाले, प्रतिज्ञा ऐकणारे निम्मे लोक आता नाहीत आणि उरलेल्यांना ऐकू येत नाही.) ठराव झाला तो असा: मुख्याध्यापिकांनी शाळेच्या आवारात हसू नये. ठराव एकमताने मंजूर झाला. अंमलबजावणीत काही अडचण आली नाही. रागावण्याविषयी समितीने पुढील सभेत विचार करायचे ठरवले.

आणि एवढे सगळे सोसून ती टोपी काल मंगळवारी निघाली. बरोबर चोवीस दिवस. तेव्हा माझा अनुभव विचारत असाल तर तो असा की सोन्याच्या टोपीवर भरवसा ठेवू नये. वहिनी, हल्ली प्लॅस्टिकची पांढरी टोपी मिळते. तिला घरचे सोने लागत नाही, सोनार लागत नाही, पेटी उघडावी लागत नाही, समितीही बसत नाही. आपण समंजस आहात. सोमवारी सोनाराकडे जाण्याऐवजी घरी राहून गुडघ्यांना विश्रांती द्यावी, असे माझे मत आहे.

रूपराव, आमच्या शाळेचे शिपाई, उद्या केळझरच्या गणपतीला नवस फेडायला निघतात. मुलगी सातवी पास होऊ दे म्हणून नवस होता. ती मागच्या वर्षी पास झाली. नवसाने की माझ्या जादा तासांनी, यावर आम्ही बोलत नाही. ते शुक्रवारी आपल्याकडे सेलूला उतरतील आणि हे पत्र देतील. त्यांना चहात साखर कमी द्यावी. अण्णाजींना नमस्कार, लीनाला आशीर्वाद आणि वही.

आपली आज्ञाधारक,
इंदिरा

ता. क. पत्र वाचून पाहिले. एक वाक्य दुरुस्त करणे आवश्यक आहे. मुलींना खोटे लिहू नका म्हणणाऱ्या बाईने ते तसेच ठेवू नये. टोपी काल निघाली असे मी लिहिले. ती आपण होऊन निघाली नाही. सोमवारी दुपारी आपले कार्ड आले, मंगळवारी पहिल्या मोटारीने मी वर्ध्याला गेले आणि ती काढवून घेतली. ती इतकी पक्की बसली होती की डॉक्टरांना कापून दोन तुकडे करावे लागले, आणि त्याला वीस मिनिटे लागली. पायडलवर कमलाच होती. "काऊन काढता बाई? चांगली तं बसली हाय." मी तिला कारण सांगितले, आणि सोने मूळ तिचे असल्यामुळे परवानगी विचारली. ती म्हणाली, "तुमचं हाय ते, बाई, कोणालेबी द्या." नंतर एकदा दुखले तेव्हा मी हात वर केला. या वेळी तिने ताबडतोब यंत्र थांबवले. माझ्या खुंटीवर आता प्लॅस्टिकची टोपी बसणार आहे. चावण्याचे काम तिथे थोडे असते आणि हसण्याचे नसतेच.

आणखी ता. क. प्लॅस्टिकची टोपी घ्या हा वरील सल्लाही मागे घेते. डॉक्टरांना मी आपल्याबद्दल विचारले. ते म्हणाले, "तुमच्या वहिनींची मागची दाढ आहे. तिथे प्लॅस्टिक वर्षभरात फुटेल. सोनंच पाहिजे." आणि वजन विचारले तर पाव तोळा. माझी टोपी वितळवली की तेवढाच पत्रा होतो, हे पुंडलिकरावांना विचारून खात्री केली आहे. म्हणून ती सोबत पाठवत आहे. आपण उष्ट्या-खरकट्याचे फार पाहता हे मी विसरलेले नाही. माझ्या पेल्यातले पाणी आपण तुळशीलाही घालत नाही. परंतु सोन्याला विटाळ नसतो, हे मला आपणच शिकवले. शिवाय ते तुकडे मी तीनदा उकळले आहेत आणि पुढे ते मुशीत जाणार. अग्नीतून गेलेले उष्टे राहते असे कोणत्याही शास्त्रात नाही. मी संस्कृतात पहिली आले होते, पदक कशाचेही असो. तरीही मन घेत नसेल तर सोनाराला या जुन्या बाळ्या होत्या एवढेच सांगावे आणि स्वतःलाही तेवढेच सांगावे. ते खरे आहे.

शेवटची ता. क. तेव्हा आता बुगड्या आटवण्याचे कारण उरत नाही. माझ्या कॉलेजच्या फीपायी आईच्या पाटल्या गेल्या, दुसऱ्या वर्षी मनगटांतले गोठ गेले, तिसऱ्या वर्षी गळ्यातले. उरले ते कानांत. आई रागावायची तेव्हा आधी बुगड्या हलायच्या आणि मग शब्द यायचे. मला आणि अण्णाजींना पळायला तेवढा वेळ मिळायचा. त्या दिवशी मी झोळी धरली तेव्हा त्या हलल्या नाहीत, हे माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आले. मी त्या मागत नाही. प्रतिज्ञेत घालण्याची मनाई आहे. ठेवण्याविषयी काही म्हटलेले नाही, हे मी तपासून पाहिले, एवढेच कळवते.

रूपरावांच्या हाती आज दिलेल्या वस्तू (त्यांना वाचून दाखवल्या, त्यांनी सही केली):

१. हे पत्र, पाकीट बंद करून.

२. सोन्याच्या टोपीचे तुकडे दोन, आगपेटीत, आगपेटी रुमालात, रुमाल रूपरावांच्या आतल्या खिशात.

३. अण्णाजींसाठी अडुळशाच्या काढ्याची बाटली एक. बिडीबरोबर घ्यायचा नाही.

४. लीनासाठी शुद्धलेखनाची वही एक, पहिल्या पानावर कित्ता घालून.

५. पितळी डबी एक, झाकणासह, आत धुतलेला कापूस, मध्ये दोन खळगे करून. रिकामी. रूपराव ती रविवारी परत आणतील.